पहिला वाचक

खऱ्या मित्रांवर विनोदी चित्रमालिका काढायची, ती इंटरनेटवर अनोळखी लोकांना दाखवायची आणि तरीही रविवारी त्याच मित्रांबरोबर नाक्यावर चहाला उभे राहायचे. या तिन्ही गोष्टी एकत्र कशा जमवायच्या, हा या पुस्तकाचा विषय आहे. हाताला थोडे वळण असले की पहिली जमते. दुसरी फोन असलेल्या कोणालाही जमते. तिसरीसाठी मात्र मन लावावे लागते. माझे म्हणणे असे, की चित्रमालिका कला म्हणून उभी राहते तीही या तिसऱ्या गोष्टीच्याच जोरावर. ज्याचे चित्र काढले, तो मित्र त्या चित्राचा पहिला वाचक असतो. तो मोकळेपणाने हसला तर निरीक्षण खरे आहे. तो कसनुसा हसून फोन खाली ठेवत असेल तर रेषेत कुठेतरी खोट आहे, मग बाहेरच्या हजार लोकांनी ते चित्र डोक्यावर घेतले तरी.

हा विषय मुंबईच्या उपनगरांत ठेवून बोलायचे ठरवले, कारण वेबकॉमिकला लागणारा कच्चा माल इथे रोज तयार होतो. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर इथे मैत्री घरात क्वचितच होते; घरे तेवढी मोठी नसतात. ती सोसायटीच्या जिन्यात होते, कॉलेजच्या कट्ट्यावर होते, ठरलेल्या लोकलच्या ठरलेल्या डब्यात होते. माणसे एकमेकांना दाटीत, उकाड्यात, उशीर झालेला असताना पाहतात. त्या अवस्थेत कोणी नाटक करू शकत नाही. चर्चगेटच्या गाडीत आपली बॅग रॅकवर चढवून मग दुसऱ्याची चढवणारा, आणि आधी खिडकी गाठून मग ओळखीचे हसणारा, हे दोघे दहा वर्षे एकाच गटात असतात आणि दोघांचेही स्वभाव सगळ्यांना पाठ असतात. चित्रकाराला स्वभाव शोधावा लागत नाही, निवडावा लागतो.

या गटांचा भूगोलही अलीकडे बदलला. पूर्वी मुलुंडचा मुलगा आणि अंधेरीचा मुलगा एका शहरात राहूनही दोन वेगळ्या रेल्वेमार्गांवर वाढायचे. मध्य आणि पश्चिम यांच्यामध्ये साकीनाक्याची वाहतूक आडवी पडलेली असे आणि घाटकोपरहून अंधेरीला बसने जायचे तर सगळी संध्याकाळ त्यातच संपायची. ८ जून २०१४ रोजी वर्सोवा ते घाटकोपर मेट्रो सुरू झाली. ११.४ किलोमीटर, १२ स्थानके. एवढ्या छोट्या मार्गाने दोन बाजूंच्या मैत्रीची गणिते बदलली. वाफाळणारी मिसळ खायला घाटकोपरच्या बाजूला यायचे की समुद्र बघायला वर्सोव्याच्या बाजूला जायचे, यावर वाद घालता येऊ लागला. 'साकीनाक्याला पोचलोय, आलोच' असे घरातून, ओल्या केसांनी, टॉवेल गुंडाळून सांगणारा मित्र मेट्रोच्या आधीही होता. पण आता त्याचा खोटेपणा मोजता येतो, कारण साकीनाका ते घाटकोपर किती मिनिटे लागतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. विनोदी चित्रकाराला असे मोजता येणारे खोटे फार उपयोगी पडते.

या कामाला मराठीत वाडवडील आहेत, आणि त्यांतले मोठे घर याच उपनगरातले. पु. ल. देशपांडे जोगेश्वरीच्या सरस्वती बागेत वाढले आणि पार्ले टिळक विद्यालयात शिकले. त्यांच्या 'व्यक्ती आणि वल्ली'ला १९६५ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. नारायण, सखाराम गटणे, अंतू बर्वा, चितळे मास्तर ही माणसे वाचताना प्रत्येक वाचकाला वाटते, की हा तर आमच्याकडचा. लग्नघरात धावपळ करणारा आणि लग्न झाल्यावर विसरला जाणारा नारायण ज्याला भेटला नाही असा मराठी माणूस विरळा. आता याच लेखकाचे 'गणगोत' शेजारी ठेवा. तिथे माणसे खरी आहेत, नावानिशी आहेत. बेळगावचे रावसाहेब तिथलेच. दोन्ही पुस्तकांत हसू आहे, पण 'गणगोत'मध्ये हसवताना लेखक त्या माणसाचा हात धरून उभा आहे असे जाणवते. खरे नाव घेतले की लेखकावर जी जबाबदारी येते, ती त्यांनी वाक्यावाक्यात सांभाळली आहे. मित्रांवर चित्रमालिका काढणाऱ्याने ही दोन पुस्तके लागोपाठ वाचावीत असा माझा आग्रह आहे. एकात अनेक माणसे मिसळून एक वल्ली कशी करायची ते दिसते, दुसऱ्यात एकच खरा माणूस न मिसळता कसा मांडायचा ते दिसते.

चित्राच्या बाजूने पाहायचे तर वसंत सरवटे. कोल्हापुरात जन्मलेला, सिमेंटच्या कंपनीत इंजिनिअरची नोकरी करणारा हा माणूस आयुष्यभर मराठी साहित्याच्या अंगणात बसून चित्रे काढत राहिला. १९६४ मध्ये 'ललित' मासिक सुरू झाले. त्यात जयवंत दळवी 'ठणठणपाळ' या टोपणनावाने साहित्यिकांची खेचत आणि सरवट्यांनी त्या ठणठणपाळाला चेहरा दिला. मला आपल्या विषयाचा सगळ्यात जवळचा पूर्वज हा वाटतो. ज्यांची खेचली जाई ती माणसे खरी होती, नावाने होती, आणि दळवी-सरवट्यांच्या रोजच्या उठण्याबसण्यातली होती. ते अंक साहित्यिकच आधी उघडत. आपल्यावर काही आहे का ते बघत. हे साधले कसे? माझ्या मते याचे कारण असे, की ठणठणपाळ लेखकाच्या लेखकपणाची थट्टा करी: त्याचा भाषणाचा सोस, पुरस्काराची ओढ, प्रस्तावनांची हौस. माणसाने स्वतः निवडलेल्या, मिरवलेल्या गोष्टीवर हसले तर त्याला ते सोसते. न निवडलेल्या गोष्टीवर हसले तर सोसत नाही. हा फरक पुढे पुन्हा लागणार आहे.

गोव्याच्या लोटलीचा मारियो मिरांडा ठणठणपाळाच्याही आधी हेच करत होता, आणि तेही छापण्यासाठी नव्हे. मुलगा भिंतींवर चित्रे काढतो हे पाहून आईने कोरी वही हातात दिली आणि मारियोला रोजनिशी काढायची सवय लागली. होय, लिहायची नव्हे, काढायची. १९४९, १९५० आणि १९५१ या वर्षांच्या त्याच्या रोजनिश्या पुढे पुस्तकरूपाने आल्या. त्यात गावातली माणसे आहेत, पाद्री आहेत, मित्र आहेत, मुंबईच्या सेंट झेवियर्समधले दिवस आहेत. कोणाचे नाक लांब, कोणाचे पोट पुढे, कोण कोणाकडे चोरून बघतो, सगळे आहे. त्या पानांवर मला सर्वांत मोलाची वाटते ती गर्दी. एका चौकटीत वीस माणसे असतात आणि प्रत्येकजण स्वतःच्या कामात असतो. एका मित्राला मधोमध उभे करून बाकीच्यांनी त्याच्याकडे बोट दाखवायचे, अशी रचना मारियोकडे फारशी सापडत नाही. सगळेच थोडे थोडे हास्यास्पद असतात, म्हणून एकटा कोणी पडत नाही. कुलाब्याच्या कॅफे माँडेगारच्या भिंतीवर त्याची चित्रे आजही आहेत. तिथे बसून नुसती माणसांची मांडणी पाहिली तरी पुष्कळ शिकायला मिळते.

बाहेरच्या जगातली दोन उदाहरणे इथे उपयोगाची आहेत. चार्ल्स शुल्झची 'पीनट्स' ही मालिका २ ऑक्टोबर १९५० ला सुरू झाली आणि जवळजवळ पन्नास वर्षे चालली. तिच्या नायकाचे नाव चार्ली ब्राऊन हे शुल्झच्या एका सहकारी मित्राचे खरेखुरे नाव होते. लायनस हे नावही मित्राचेच, आणि कुरळ्या केसांच्या फ्रीडाचे नाव व केस दोन्ही एका मैत्रिणीचे. पण शुल्झने नावे मित्रांची घेतली आणि त्यांत हुरहूर, भीती, हरणे हे बहुतेक सगळे स्वतःचे भरले. गॅरी ट्रूडोने उलट बाजूने सुरुवात केली. १९६८ मध्ये येल विद्यापीठाच्या वर्तमानपत्रात तो 'बुल टेल्स' काढू लागला आणि त्यातला बी. डी. हा तिथल्या फुटबॉल संघाचा प्रसिद्ध खेळाडू ब्रायन डाऊलिंग याच्यावर बेतलेला होता. दोन वर्षांनी तीच मालिका 'डून्सबरी' या नावाने देशभर छापली जाऊ लागली. त्या नावातही खोलीत बरोबर राहणाऱ्या पिल्सबरी या मित्राच्या आडनावाचा तुकडा आहे. डोक्यावरचे शिरस्त्राण कधीही न काढणारा बी. डी. पुढे युद्धावर गेला आणि २००४ मध्ये कथेत त्याचा पाय गेला. तोवर तो कॉलेजातला खेळाडू उरला नव्हता. मित्रापासून निघालेले पात्र इतके लांब जाऊ शकते.

वेबकॉमिक म्हणून आपल्या परिसरात पाहिले तर पवईच्या निटीचे उदाहरण आठवते. आज आयआयएम मुंबई म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्या संस्थेतल्या शुभम चौधरी आणि हेमंतकुमार जैन या दोन विद्यार्थ्यांनी २००० नंतरच्या दशकात 'आर्बिट चौधरी' नावाचे पात्र काढले. व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमात अडकलेल्या मुलांचे जग: सादरीकरणे, नोकरीच्या मुलाखती, न झोपता काढलेल्या रात्री, आणि अर्थ नसलेले भारदस्त शब्द. त्या वेळी फेसबुकही इथे रुळायचे होते. हॉस्टेलमधले विनोद हॉस्टेलबाहेर गेले आणि देशभरातल्या तशाच हॉस्टेलांना ते आपले वाटले. उपनगरातल्या एखाद्या संस्थेत बसून, संपादक नसताना, छापखाना नसताना हे करता येते याचा तो लवकरचा दाखला होता.

आता मुख्य अडचणीकडे येतो. कट्ट्यावरचा विनोद आणि पडद्यावरचा विनोद यांत माणसे बदलतात. कट्ट्यावर जे पाच जण हसतात त्यांना सगळी पार्श्वभूमी माहीत असते. त्यांना ठाऊक असते, की ज्याला आपण कंजूष म्हणतो त्याने एका मित्राच्या वडिलांच्या ऑपरेशनला न मागता पैसे दिले होते. म्हणून 'कंजूष' या थट्टेला मागे आधार असतो. तेच चित्र पडद्यावर गेले की बघणाऱ्याला फक्त चार चौकटी दिसतात. मागचे ऑपरेशन दिसत नाही. मित्र तिथे फक्त कंजूष उरतो. चित्रकाराचे खरे कौशल्य इथे पणाला लागते: पाच जणांना जे माहीत आहे ते पाच हजारांना चौकटीच्या आतच जाणवले पाहिजे. चहाचे पैसे देताना तो पाकीट उघडायला वेळ लावतो हे दाखवा. पण त्याच चौकटीत कोपऱ्यात, टपरीवाल्याच्या मुलाची वही तो उलटी धरून वाचतोय, गणित तपासतोय, हेही असू द्या. विनोद कमी होत नाही. माणूस पुरा होतो. मला तर पुष्कळदा असे दिसले आहे, की लोक त्या कोपऱ्यावरच जास्त वेळ थांबतात.

टोपणनावांविषयी मला मनापासून बोलायचे आहे. जाड्या, काळ्या, बुटक्या, चष्मिश, बाटली. मराठी मित्रमंडळींत ही नावे शाळेपासून चिकटतात आणि पन्नाशीतही निघत नाहीत. नाव ठेवणारा आणि नाव सोसणारा यांच्यात एक देवाणघेवाण झालेली असते. जाड्याने ज्याला काळ्या म्हटले तोच त्याला जाड्या म्हणतो. पडद्यावरचा अनोळखी माणूस या देवाणघेवाणीत नाही. तो नुसते घेतो. शिवाय चित्रात हे नाव काढावे लागते: पोटाची रेषा वाढवायची, कातडीवर गडद रंग ओतायचा. ठणठणपाळाच्या संदर्भात जो फरक सांगितला तो इथे लागू होतो. रंग, उंची, पोट, दात, तोतरेपणा हे कोणी निवडलेले नसते. माझा सल्ला स्पष्ट आहे: शरीर सोडा, ढब पकडा. बॉसचा फोन आला की एकजण नकळत उभा राहतो. दुसरा फोनवर बोलताना भिंतीचा रंग नखाने खरवडतो. तिसरी हसताना आधी शेजारच्याच्या खांद्यावर मारते आणि मग हसते. लोकल थांबायच्या आधीच एकजण दाराकडे खांदा वळवून उभा असतो, अगदी लिफ्टमध्येसुद्धा. ही ढब रेषेत आली की चेहरा गोल वाटोळा काढला, नाक नुसता ठिपका दिला, तरी गटातली माणसे क्षणात ओळखतात, आणि बाहेरच्यांना आपल्या ओळखीचा कोणीतरी आठवतो. ढब ही माणसाची स्वतःची कमाई असते. तिच्यावर हसलेले माणसाला चालते. बहुतेकांना आवडते, कारण कोणीतरी आपल्याकडे इतके नीट पाहिले याचे त्यांना अप्रूप वाटते.

मैत्रिणींच्या बाबतीत धोका वेगळा आहे आणि मुलगे तो हटकून विसरतात. क्लासला आहे असे घरी सांगून गोराईला गेलेल्या मैत्रिणीवर चार चौकटी काढणे गटात फार गमतीचे वाटते. मित्राच्या मामाने ते पाहिले तर मित्राला टोमणा बसतो. मैत्रिणीच्या मामाने पाहिले तर तिचे क्लास, फोन, बाहेर पडणे सगळे बंद होऊ शकते. तीच गोष्ट आडनावांची. आडनाव, डब्यातली भाजी, राहण्याचा पत्ता यांतून आपल्याकडे जात आणि धर्म वाचला जातो, चित्रकाराच्या मनात नसले तरी वाचला जातो. भाड्याच्या घरासाठी बोरिवली ते मुलुंड वणवण करणाऱ्या मित्रांच्या गोष्टीत विनोद खच्चून भरला आहे: दलाल, त्यांचे 'प्रशस्त' वन रूम किचन, खिडकीतून दिसणारी दुसऱ्याची खिडकी. पण नाव ऐकून ज्याला नकार मिळाला, त्या मित्राची ती चौकट हसण्यासाठी काढायची की नाही, हे त्यानेच ठरवायचे. कधी कधी तोच म्हणतो, काढ, सगळ्यांना दिसू दे. मग ती जरूर काढावी, आणि हसू दलालाच्या तोंडावर उलटवावे.

भाषेवर थोडा जास्त वेळ थांबतो, कारण उपनगरातल्या मालिकेचा प्राण संवादात असतो. घाटकोपर आणि मुलुंडमध्ये गुजराती शेजार आहे, भांडुपला मालवणी माणूस मोठा आहे, मुलुंडला तमिळ कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या आहेत, आणि सगळ्यांच्या मध्ये मुंबईची हिंदी आहे. एका गटात एकाच मिनिटात चार भाषा बोलल्या जातात. चित्रकार इथे सोपी वाट धरतात: गुजराती मित्राच्या तोंडी चुकीच्या लिंगाची मराठी घालायची की झाला विनोद. अशा विनोदाला कान लागत नाही, म्हणून तो कंटाळवाणा होतो. नीट ऐकले तर निराळे सापडते. घाटकोपरचा मित्र अस्खलित मराठी बोलतो, शिव्याही मराठीत देतो, पण बिलाची बेरीज करायची वेळ आली की ओठ गुजरातीत हलतात. भांडुपचा मित्र दिवसभर हिंदीत असतो आणि आईचा फोन उचलला की 'हां गे, जेवलंय' म्हणताना त्याचा आवाजच दुसरा होतो. हे बदल कुठल्या क्षणी होतात ते टिपले की पात्र जिवंत होते. संवादाच्या फुग्यात हे सगळे देवनागरीतच लिहावे असे माझे मत आहे. हिंदी, गुजराती, मालवणी, कॉलेजची इंग्रजी, सगळे देवनागरीत छान बसते, आणि वाचताना डोळा अडखळत नाही.

मात्र देवनागरी फुग्यात बसवणे हे स्वतंत्र काम आहे, आणि इंग्रजी कॉमिक पाहून शिकलेले चित्रकार तिथे फसतात. इंग्रजी कॉमिकमधली अक्षरे बहुधा सगळी मोठ्या लिपीतली, एका उंचीची असतात. ओळीवर ओळ चिकटवली तरी चालते. आपल्या ओळीला तीन मजले आहेत. शिरोरेषेवर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार, मध्ये अक्षर, खाली उकार आणि पाय मोडलेले. दोन ओळी जवळ आणल्या की वरच्याचा उकार खालच्याच्या वेलांटीत अडकतो. म्हणून फुगा आधी लिहावा, चित्र मग काढावे. संवाद लांब वाटला तर अक्षर लहान करू नये, संवाद कापावा. टंकांचे पाहाल तर पवईच्या आयआयटीतल्या औद्योगिक अभिकल्प केंद्राशी आणि देवनागरी अक्षरांशी ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले त्या र. कृ. जोशींचा 'मंगल' संगणकावर घरोघर पोचला, पण तो कार्यालयाच्या पत्राचा टंक आहे. फुग्यात तो गंभीर दिसतो. 'एक टाइप' या मुंबईच्या गटाने केलेले 'मुक्ता' आणि 'बालू' हे टंक मोफत मिळतात आणि 'बालू' तर फुग्यात खेळकर दिसतो. तरीही ज्याचे हस्ताक्षर वाचता येण्यासारखे आहे त्याने हातानेच लिहावे. ओरडणे, कुजबुज, जांभई देत बोलणे हे टंकाला जमत नाही, हाताला जमते.

चौकटींची संख्या आता माध्यम ठरवते. वर्तमानपत्रात तीन-चार चौकटींची पट्टी असे. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा 'चिंटू' १९९१ पासून त्या मापात वाढला आणि त्या मापाचे सगळे सामर्थ्य त्याने दाखवले. इन्स्टाग्रामवर एका पोस्टमध्ये आधी दहा चित्रे लावता येत, २०२४ पासून वीस लावता येतात. जागा वाढली म्हणून विनोद पसरू नये. बोटाने पुढे सरकवण्याच्या त्या क्षणाचा मात्र चांगला उपयोग होतो: 'पोचलोच' हा संदेश एका चित्रात, आणि सरकवल्यावर दुसऱ्यात टॉवेल.

कायद्याचे एक वाक्य सांगणे माझे कर्तव्य आहे. बदनामीचा गुन्हा पूर्वी भारतीय दंडविधानाच्या कलम ४९९ मध्ये होता. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आहे, आणि त्यात बोललेल्या-लिहिलेल्या शब्दांबरोबर दृश्य चित्रणाचाही स्पष्ट समावेश आहे. नाव बदलले म्हणजे सुटलो असे नसते. ओळखीच्या लोकांना माणूस ओळखू आला तर प्रश्न उभा राहतोच. पण मित्रांमध्ये गोष्ट कोर्टापर्यंत जाते तेव्हा मैत्री केव्हाच संपलेली असते, म्हणून मला आधीच्या पायऱ्यांत जास्त रस आहे.

पहिली पायरी म्हणजे कच्चे चित्र मित्राला आधी पाठवणे. पूर्ण रंगवल्यावर पाठवले तर तो भिडेपोटी हो म्हणतो. तुमची रात्रभराची मेहनत त्याला दिसत असते. पेन्सिलीच्या रेघोट्या पाठवल्या तर तो मोकळेपणाने नाही म्हणू शकतो. आणि त्याने नाही म्हटले तर कारण विचारू नये. कारण सांगायला लागणे हेच पुष्कळदा त्याला नको असते. एकदा हो म्हटले म्हणजे कायमचे हो, असेही धरू नये. कॉलेजात असताना ज्या प्रेमभंगावर गट खदखदून हसला, ते चित्र त्याच मित्राच्या लग्नानंतर किंवा नव्या नोकरीत वर आले तर तो वेगळ्या जागी उभा असतो. जुने चित्र काढून टाक म्हणाला तर त्याच दिवशी काढून टाकावे, मग त्याला कितीही लोकांची पसंती मिळालेली असो. मला ठाऊक आहे हे जिवावर येते. चांगले जमलेले चित्र पुसणे सोपे नाही. पण मित्राने जे दिले होते तेच तो परत मागत असतो.

मालिका चालू लागली की मित्रही बदलतात, याची तयारी ठेवावी. एकजण चित्रात येण्यासाठी मुद्दाम विनोद करू लागतो. त्याचे ते बोलणे कधीच वापरू नये, नाहीतर दोन महिन्यांत गटात सगळेच अभिनय करू लागतील. दुसरा तुमच्यासमोर गप्प बसू लागतो. त्याच्याशी बोलावे आणि काही काळ वही घरी ठेवून त्याच्याबरोबर फिरावे. जुन्या इमारतींची पुनर्बांधणी सुरू झाली की मित्र भाड्याने विरारला, बदलापूरला जातात आणि काहीजण परत येत नाहीत. कोणी पुण्याला, कोणी कॅनडाला. गट मोडतो, पात्रे मात्र तशीच कट्ट्यावर बसलेली असतात. इथे शुल्झची वाट उपयोगी पडते. नाव आणि ढब मित्राची ठेवून आतले आयुष्य हळूहळू स्वतःचे भरावे, म्हणजे मित्राच्या आजच्या आयुष्यात डोकावायची गरज उरत नाही. स्वतःचे पात्रही मालिकेत हवेच, आणि त्याला इतरांइतकेच उघडे पाडायला हवे. सगळे मित्र वेंधळे आणि चित्रकार तेवढा शहाणा अशी मालिका मला एकही लक्षात राहिलेली नाही.

पैशांचेही बोलून घ्यावे. एखाद्या पात्राचे मग, टी-शर्ट, कॅलेंडर निघाले तर ज्याच्या ढबीवर ते उभे आहे त्याला आधी सांगावे आणि वाटा विचारावा. बहुतेक मित्र 'वेडा आहेस का' म्हणून उडवून लावतात. तरी विचारावे, आणि पहिल्या विक्रीतून सगळ्या गटाला जेवायला न्यावे.

शेवटी एक पद्धत सुचवतो, जी मला सगळ्यात फलदायी वाटली आहे. प्रसंग ठरला, चौकटी आखल्या, की फुगे रिकामे ठेवून ते चित्र मित्राला पाठवावे आणि विचारावे, इथे तू काय म्हणाला असतास? तो जे लिहून पाठवतो ते आपल्या कल्पनेपेक्षा नेहमी आखूड असते आणि बहुतेकदा जास्त विनोदी. त्यात त्याची खरी भाषा असते, त्याची गाळलेली क्रियापदे, त्याचा तो ठरलेला 'अरे पण'. आणि जिथे तो फुगा रिकामाच परत पाठवतो, तिथे त्याला काही म्हणायचे नसते; ती चौकट तशीच, शब्दांवाचून छापावी.